मामा, मिग आणि मार्शुत्का

पाठीवर सॅक टाकली की माणूस स्वतंत्र होतो, असं बॅकपॅकर मंडळी एकमेकांना सांगत असतात. त्यांनी एकदा कॉकेशसमध्ये जाऊन पाहावं. जॉर्जिया आणि आर्मेनिया या दोन देशांत आपण फिरत नाही. लोक आपल्याला फिरवतात. कुठे उतरायचं, काय खायचं, किती खायचं, कुणाकडे राहायचं हे रस्त्यात भेटलेली माणसं परस्पर ठरवतात आणि मग आपल्याला कळवतात. बरोबर मामा असले तर कळवतसुद्धा नाहीत.

मामा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले. नाशिकजवळ एचएएलचा हा कारखाना १९६४ साली निघाला तोच मिग-२१ बांधण्यासाठी. हवाई दलाने घेतलेल्या आठशेहून जास्त मिग-२१ विमानांपैकी सहाशेच्या वर देशातच तयार झाली. त्यातल्या अखेरच्या खेपांना मामांचा हात लागलेला आहे. पुढे ओव्हरहॉल. म्हणजे सगळी नोकरी मिगच्या पोटात हात घालण्यात गेली. शिवाय मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पांढरी टोपी, मांस-मच्छी-अंडं वर्ज्य, दारूचं नाव काढायचं नाही. कांदा-लसूण मात्र चालतो. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे राहून कांदा सोडणं हा त्यांना सरळसरळ फितुरीचा प्रकार वाटतो.

निवृत्तीनंतर लोक चारधाम करतात. मामांना सानाहिनला जायचं होतं. उत्तर आर्मेनियातलं हे डोंगरावरचं खेडं. मिगमधला ‘मि’, म्हणजे आर्तेम मिकोयान, १९०५ साली तिथे जन्मला (‘ग’ तो गुरेविच). गावात मिकोयान बंधूंचं संग्रहालय आहे आणि अंगणात एक मिग-२१ उभं आहे, हे मामांना कुठूनसं कळलं होतं. मामी म्हणाल्या, “त्या पत्र्याच्या विमानाचं माहेर बघायला मी यायची नाही. भाचीला न्या. नाहीतरी ती उंडारतच असते.” मी तशीही जॉर्जियाला निघालेच होते. नकाशात बघितलं तर सानाहिन सरहद्दीपासून फार लांब नव्हतं.

मामांची सॅक माझ्याहून लहान, पण वजनाला दुप्पट. आत काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू आणि एका जुन्या मोज्यात गुंडाळलेली हत्यारं: पक्कड, पेचकस, टेस्टर, दोन पाने. “मामा, हे कशाला?” तर म्हणाले, “अगं, परका मुलूख आहे.” भाषेचीही त्यांना चिंता नव्हती. कारखान्यात जुन्या पुस्तिका रशियन, त्यामुळे मूठभर रशियन शब्द त्यांना पाठ. द्विगातेल म्हणजे इंजिन, क्रिलो म्हणजे पंख, नासोस म्हणजे पंप, क्ल्यूच म्हणजे पाना, मास्लो म्हणजे तेल, ओपास्नो म्हणजे धोका. नमस्कार, धन्यवाद, किती पैसे, यांतलं काही नाही. एवढ्या भांडवलावर मामा दोन देश फिरले.

तिबिलिसीबद्दल थोडक्यात सांगते. जुन्या शहरात अबानोतुबानी नावाचा गंधकाच्या स्नानगृहांचा भाग आहे. विटांचे घुमट, खाली गरम पाण्याचे हौद, हवेत उकडलेल्या अंड्याचा वास. आत एक दणकट गडी ओबडधोबड हातमोजा घालून अंगाची साल काढतो. पुश्किन १८२९ मध्ये इथे आला तेव्हा खूश होऊन गेला होता. मामा तासाभराने लालबुंद होऊन बाहेर आले आणि म्हणाले, “मला ओव्हरहॉल केलं.”

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ध्यानात आली. मामांचं रशियन म्हाताऱ्यांसमोर चालायचं, पोरांसमोर नाही. २००८ च्या युद्धापासून देशाचा जवळजवळ पाचवा हिस्सा रशियाच्या पंखाखाली गेलेला आहे आणि तिबिलिसीच्या भिंती त्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. हॉस्टेलमधल्या मुलीला मामा कौतुकाने “द्विगातेल!” म्हणाले (तिच्या स्कूटरकडे बोट दाखवून), तर तिने इंग्रजीत विचारलं, “आपण इंग्रजीत बोलू या का?” मामांना इंग्रजीत इंजिन म्हणता येतं. ते म्हणाले. ती हसली.

मग दिदुबे. मेट्रोच्या दिदुबे स्टेशनबाहेर बाजार आणि गाडीतळ एकमेकांत मिसळलेत; टोमॅटो, मोजे, झाडू आणि उत्तरेकडे जाणाऱ्या मार्शुत्का. मार्शुत्का म्हणजे आपली नाशिक-त्र्यंबकची काळीपिवळीच, रंग फक्त पांढरा. भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. आमच्या ड्रायव्हरने “इंडिया?” विचारलं, आम्ही मान डोलावली, आणि तो ओरडला, “जिमी!” ‘डिस्को डान्सर’ १९८४ मध्ये सोव्हिएत चित्रपटगृहांत लागला तेव्हा हा माणूस जेमतेम शाळकरी असेल. त्याने मोबाइलवर गाणं लावलं. ते आनानुरीच्या किल्ल्यापर्यंत पुन्हापुन्हा वाजत राहिलं. मामा दादा कोंडके पंथाचे; मिथुनचं त्यांना काही नाही. पण परमुलखात आपल्या माणसाचा पाणउतारा नको म्हणून ते शेवटपर्यंत टाळी देत बसले.

रस्त्याचं नाव जॉर्जियन मिलिटरी रोड. तिबिलिसीहून कॉकेशसची मुख्य रांग ओलांडून तो रशियातल्या व्लादिकावकाझला उतरतो. अर्धा रस्ता मालट्रकांचा, उरलेला गाईंचा. गाई रस्त्याच्या मधोमध बसतात आणि हॉर्न वाजवणाऱ्याकडे दयेने बघतात. ड्रायव्हर धार्मिक होता. वाटेत देऊळ दिसलं, अगदी दूरच्या टेकडीवर ठिपक्याएवढं दिसलं, तरी तो तीनदा क्रूसाची खूण करायचा. एका हाताने खूण, दुसऱ्या हातात मोबाइल. जॉर्जियात देवळं पुष्कळ आहेत. प्रत्येक देवळाला मामा मोठ्याने “पांडुरंग, पांडुरंग” म्हणायचे. ड्रायव्हरला वाटलं, म्हातारा आपल्या देवाला मान देतोय. त्याने मागे वळून मामांचा हात हातात घेतला. आता स्टिअरिंगवर कोणीच नव्हतं.

ज्वारी खिंड सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे. तिच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघायला लागली. सगळे उतरले. पुरुषांनी सिगारेटी पेटवल्या, बायकांनी सूर्यफुलाच्या बिया काढल्या. कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ड्रायव्हर फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला गेला, तोच मामा गरजले, “ओपास्नो!” त्या आवाजात ओझरच्या हँगरमधला सगळा अधिकार होता. ड्रायव्हरचा हात हवेतच थांबला. मग मामांनी मोजा उघडला. पाण्याचा पाइप टोकाला चिरला होता आणि क्लिप ढिली पडली होती. चिरलेलं टोक कापलं, पाइप पुढे ओढून बसवला, क्लिप आवळली. झऱ्याचं पाणी भरलं. गाडी सुरू झाल्यावर एका आजीबाईंनी मामांच्या ओंजळीत बिया ओतल्या.

यापुढे आमचा प्रवास आमचा राहिला नाही. मामांना पुढची सीट मिळाली. स्तेपान्त्समिंदाला पोचल्यावर मी बुक केलेल्या गेस्टहाउससमोर गाडी थांबलीच नाही. ड्रायव्हरने आम्हाला थेट आपल्या मावशीच्या दारात उतरवलं. मी संकोचून गेस्टहाउसला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, “हो, कळलं मला. ती माझी जाऊ आहे.”

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. श्रावण वद्य एकादशी. मामा परदेशात आहेत म्हणून पांडुरंग सूट देत नाही. इकडे घरातही उपवास चालू होता. २८ ऑगस्टला मरियमोबा, म्हणजे मेरीमातेचा सण. त्याच्या आधीचे दोन आठवडे भाविक जॉर्जियन लोक उपवास धरतात. मामांना उपवास आहे, हे मी घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला इंग्रजीत सांगितलं. तिने आईला सांगितलं. मावशींनी कपाळाला हात लावला, मामांच्या तुळशीच्या माळेकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. हा इतक्या लांबून आलेला म्हातारा आपलाच उपवास पाळतोय! अर्ध्या तासात टेबल सजलं: मातीच्या बोळक्यात लोबिओ म्हणजे मसाल्यातला राजमा, मक्याची मच्यादी, अक्रोड वाटून भरलेली वांगी, गरम पाव.

मामांनी टेबलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. “अगं, हे सगळं धान्य-कडधान्य आहे. मला चालत नाही. दही आहे का विचार.”

दही म्हणजे मात्सोनी. ते घरात होतं, पण मावशींच्या उपवासाला दूध-दही चालत नाही. उपवासाला दही मागणारा मनुष्य त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि उपवासाला पाव नको म्हणणारा तर मुळीच नाही. मग जे सुरू झालं त्याला धर्मचर्चाच म्हणावं लागेल. एकीकडे मावशी, एकीकडे मामा, मध्ये ती मुलगी आणि मी. एकेक पदार्थ पुढे यायचा आणि दोन्ही बाजूंनी निकाल लागायचा. राजमा: तिकडे चालतो, इकडे नाही. दूध: इकडे चालतं, तिकडे नाही. वांगं: तिकडे चालतं, इकडे एकादशीला नाही. अंडं: दोघांनीही हात झटकले आणि पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून हसले. चुर्चखेला आणली. दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवतात. मामांना आवडेलसं वाटलं, पण त्यांनी विचारलंच, “रस घट्ट कशाने केला?” पिठाने. बाद. मावशींच्या उपवासाला वाइन चालते हे कळल्यावर मामांनी टोपी काढून पुन्हा घातली.

शेवटी दोन्ही बाजूंना मान्य अशी यादी निघाली: उकडलेला बटाटा, अक्रोड, द्राक्षं, आलुबुखार, मीठ. मामांनी तिच्यात राजगिऱ्याच्या लाडवांची भर घातली. नुसता राजगिरा आणि गूळ. मावशींनी मुलीकडून तीनदा खात्री करून घेतली, दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, आणि मग एक तुकडा तोंडात टाकला. त्यांनी डबा आपल्याकडे ओढला तो परत दिला नाही.

गेर्गेतीचं ट्रिनिटी चर्च गावाच्या वर टेकडीवर आहे. चौदाव्या शतकातलं, २१७० मीटरवर, आणि पाठीमागे पाच हजार मीटरच्या वर चढलेला काझबेक. जॉर्जियन लोकांचा प्रॉमिथियस, त्याचं नाव आमिरानी, इथेच साखळदंडांनी बांधून ठेवलाय म्हणतात. जीप वर जाते, पण मामा म्हणाले, एकादशीला देवाला गाडीने जात नाहीत. दारात पाटी होती. बायकांनी डोकं झाकायचं, पँट असेल तर वरून कापड गुंडाळायचं. पुरुषांनी डोकं उघडं ठेवायचं. मी फुलाफुलांचा घागरा बांधला, डोक्याला रुमाल बांधला. मामांना टोपी काढायला सांगितली. मामा देवापुढे बोडक्याने कधी उभे राहिले नव्हते. बराच वेळ दारात थांबले. शेवटी टोपी काढून खिशात ठेवली, आत जाऊन हात जोडले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, “तुला झाकायला लावतात, मला उघडं करतात. पांडुरंगाचं बरं आहे, त्याला भक्ताचं डोकंच दिसत नाही गर्दीत.”

त्या रात्री सुप्रा. सुप्रा म्हणजे जॉर्जियन मेजवानी, आणि उपवास असला तरी मेजवानी उपवासाची करता येते. तिचं सूत्रसंचालन करतो तो तमादा. आमचा तमादा शेजारचा एक अवाढव्य गृहस्थ होता. देवासाठी, शांततेसाठी, देशासाठी, गेलेल्या माणसांसाठी, आईवडिलांसाठी, एकामागून एक भाषणं. प्रत्येकाच्या शेवटी “गाउमार्जोस!” आणि पेला रिकामा. या देशात वाइन आठ हजार वर्षांपासून करतात, जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत. क्वेव्री म्हणतात त्यांना. युनेस्कोने २०१३ मध्ये ही पद्धत आपल्या वारसायादीत घेतली. तेव्हा “आमच्या नाशिकलाही द्राक्षं होतात” हे माझं वाक्य अगदीच हलकं पडलं. मामांच्या पेल्यात फळांचं कॉम्पोट होतं. तमादाने आधी भुवया चढवल्या, पण माळ दाखवल्यावर छातीवर हात ठेवून वाकला. साधू माणूस दिसतोय. साधूला माफ.

मग त्याने विचारलं, भारतात कुठे? मुलीने मोबाइलवर नकाशा उघडला. बोट किनाऱ्यावरून खाली सरकलं आणि तमादा उठून उभाच राहिला. “गोवा! केतेवान!” काखेतीची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणात शिराझला छळ करून मारलं, धर्म बदलेना म्हणून. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन पाद्र्यांनी १६२७ मध्ये गोव्याला नेला. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चच्या उत्खननात पुरातत्त्व खात्याला अस्थी मिळाल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासला, आणि जुलै २०२१ मध्ये भारताने त्यातला काही भाग जॉर्जियाला दिला. त्या टेबलावर ही हकिकत सगळ्यांना तोंडपाठ होती. “गोवा तुमच्यापासून किती लांब?” मामांनी हात हलवून सांगितलं, हे काय, शेजारीच. नाशिक-पणजी एका दमात गाडी हाकून बघा म्हणजे शेजार कळेल. पण तमादाला पुरावा नको होता. केतेवानसाठी पेले उठले, मग गोव्यासाठी, मग नाशिकसाठी.

आता पाहुण्यांनी बोलायचं. मामा उभे राहिले आणि मराठीत सुरू झाले. कारखान्यात रशियन तज्ज्ञ यायचे, काय त्यांची शिस्त, काय ती मायेची माणसं, थंडीच्या दिवसांत कँटीनची कांदाभजी कशी वाडगाभर खायचे, रशियासारखा मित्र नाही. मामांचा कंठ दाटला. ज्या भिंतीला पाठ लावून ते बोलत होते तिच्यावर २००८ नंतरचा देशाचा नकाशा टांगला होता, गेलेला मुलूख लाल रंगात. भाषण संपलं. सगळे माझ्याकडे वळले. मी इंग्रजीत म्हणाले, “तुमच्या डोंगरांसारखे डोंगर नाहीत, आणि तुमच्या माणसांसारखी माणसं नाहीत, असं म्हणतायत.” त्या मुलीने हे जॉर्जियनमध्ये सांगायला माझ्या चौपट वेळ घेतला. तमादा रडत होता. काय सांगितलंस विचारलं तर म्हणाली, “थोडं वाढवलं.”

आर्मेनियाच्या हद्दीवर, सादाख्लोला, आपापलं सामान उचलून नदीवरचा पूल ओलांडायचा असतो. पलीकडच्या अधिकाऱ्याने मोजा उलटा केला. पक्कड, पाने, टेस्टर टेबलावर पडले. “हे काय?” मामा म्हणाले, “क्ल्यूच.” ते तर त्यालाही दिसत होतं. मग काळ्या मसाल्याची पिशवी. त्याने ती उघडली, नाक आत घातलं आणि शिंकायला लागला. बघायला आलेला दुसरा शिंकला. शिंकता शिंकता पहिल्याने पासपोर्ट उघडला, “इंडिया,” म्हणाला, “राज कपूर!” शिंक. ‘आवारा’ची धून शिट्टीवर वाजवायचा त्याने प्रयत्न केला, ती शिंकेत मोडली. शिक्का बसला.

देबेद नदीची दरी खोल आहे. खाली आलावेर्दीचा बंद पडलेला तांब्याचा कारखाना, वर सपाट माथ्यावर सानाहिन. दहाव्या शतकातला मठ इथे आहे, जागतिक वारशाच्या यादीतला. काळ्या दगडाचे अंधारे मंडप, पायाखाली थडग्यांच्या शिळा. मी तिथे तास दीड तास काढला असता. मामांनी मठाला बाहेरूनच नमस्कार केला आणि विचारलं, “कुठंय?”

संग्रहालय छोटं आहे. दोन भावांचं. थोरला अनास्तास राजकारणात, लेनिनच्या काळापासून ब्रेझनेवच्या काळापर्यंत मॉस्कोत टिकलेला. हे कसं जमलं यावर वेगळं संग्रहालय काढता येईल. धाकटा आर्तेम विमानांचा. अंगणात मिग-२१, चंदेरी, नाक आभाळाकडे. मामा गेटातून आत गेले ते सरळ विमानाखाली वाकले आणि चाकाच्या कप्प्यात हात घातला. देखरेखीच्या बाई धावत आल्या आणि रशियनमध्ये ओरडू लागल्या. हात लावायचा नाही, एवढं कुठल्याही भाषेत कळतं. मामांनी वाकलेल्या अवस्थेतच एकेका भागावर बोट ठेवून सुरुवात केली. “क्रिलो. शासी. द्विगातेल. तोप्लिवो, नासोस.” मग छातीवर हात: “इंडिया. नाशिक.” आणि हवेत पाना फिरवून दाखवला.

बाई गप्प झाल्या. आत गेल्या. लहान कपांत आर्मेनियन कॉफी घेऊन आल्या. मग एक स्टूलही आणलं आणि विमानापाशी ठेवलं, मामांना वर चढून नीट बघता यावं म्हणून. मामांनी आतून काहीतरी तपासलं आणि मला म्हणाले, “हा बोल्ट काढायला माझं बोटच जायचं फक्त. सगळ्यांची बोटं जाड.” पुढच्याच महिन्यात, २६ सप्टेंबर २०२५ ला, चंडीगडच्या तळावर हवाई दलाने शेवटच्या मिग-२१ ना निरोप दिला. बासष्ट वर्षांनी. मामांनी तो समारंभ टीव्हीवर पाहिला आणि निवेदकाच्या चार चुका काढल्या. ‘उडती शवपेटी’ हे नाव निघालं की ते अजून खोली सोडून जातात. त्यावर आकड्यांचा वाद घालायचा तर त्यांच्याशीच घालावा. मी घालत नाही.

अभिप्रायाच्या वहीत मामांनी दीड पान मराठीत लिहिलं. बाईंनी ते पान फडफडवून वाळवलं आणि कुणालातरी फोन केला. फोन त्यांच्या भाच्याला होता, त्याची टॅक्सी होती, तो आम्हाला आलावेर्दीला सोडणार होता, तिथून आम्हाला येरेवानची शेवटची गाडी धरायची होती. भाचा आला, मामांना कडकडून भेटला, भाडं विचारलं तर रागावला. गाडी निघाली. पहिल्या वळणावर खाली जाणारा रस्ता सोडून ती वरच्या आळीत शिरली.

“मामा, हा रस्ता नाही.”

“माहितीये. त्याच्याकडे काहीतरी बिघडलंय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“फोनवर ती बाई तीनदा नासोस म्हणाली.”

अंगणात विहिरीपाशी पाण्याची मोटर उघडून ठेवलेली होती. भोवती शेजारचे चौघे वाट बघत उभे, एकाच्या हातात जर्दाळूंची थाळी. मी येरेवानच्या हॉस्टेलला आज येत नाही असं कळवायला फोन काढला. मामा बाह्या दुमडून उकिडवे बसले, मोजा शेजारी पसरला आणि कुणाकडेही न बघता हात पुढे केला.

“क्ल्यूच. मोठा.”